फिरतीवरच्या माणसाची खोली

फिरतीची नोकरी करणाऱ्या माणसाला परगावी रात्री काय लागतं, ही यादी फार लहान आहे. धुतलेली चादर, आतून नीट बसणारी कडी, सकाळी सातच्या आत गरम पाणी, लॅपटॉप ठेवण्यापुरतं टेबल आणि त्याच्याजवळ चालू असलेला प्लग, पोटात काहीतरी घालून बाहेर पडता येईल असा नाश्ता आणि निघताना कंपनीच्या नावाचं जीएसटीचं पक्कं बिल. पोहण्याचा तलाव, तीन प्रकारची रेस्टॉरंटं किंवा सामान उचलायला धावणारा गणवेशातला माणूस या यादीत कुठेच नाही. जगभर ‘लिमिटेड सर्व्हिस’ म्हणजे मर्यादित सेवा या नावानं ओळखला जाणारा मध्यम दराच्या साखळी हॉटेलांचा धंदा या छोट्या यादीवर उभा राहिला. भारतात तो वीस वर्षांपूर्वी आला, वाढला, आणि ज्या माणसासाठी आला होता त्याच्याच खिशाबाहेर गेला. माझं म्हणणं असं, की या हॉटेलांचा खरा माल खात्री हा आहे. ही खात्री रोजच्या शिस्तीतून आणि बाहेरच्या माणसानं केलेल्या तपासणीतून येते, इमारत नवी आहे की जुनी याच्याशी तिचा संबंध थोडा. त्यामुळे ती एसटी स्टँडसमोरच्या ‘लॉजिंग-बोर्डिंग’मध्येही आणता येईल, आणि महाराष्ट्राच्या मधल्या शहरांपुरता तोच रस्ता खुला आहे.

या धंद्याचं मूळ अमेरिकेत आहे आणि ते साखळ्यांच्याही आधीचं आहे. एल्सवर्थ स्टॅटलर हे हॉटेलात पोऱ्या म्हणून कामाला लागलेले गृहस्थ. त्यांनी १९०८ साली बफेलो शहरात हॉटेल काढलं आणि दीड डॉलरात खोली व तिला जोडलेलं न्हाणीघर मिळेल अशी जाहिरात केली. त्या काळी साध्या प्रवाशानं व्हरांड्याच्या टोकाच्या सामाईक न्हाणीघरात जायचं, अशी रीत होती. स्टॅटलर यांनी दोन खोल्यांची न्हाणीघरं पाठीला पाठ लावून बांधली आणि दोन्हींचे पाण्याचे व सांडपाण्याचे नळ मधल्या एकाच उभ्या पोकळीतून वर नेले. त्यामुळे खर्च उतरला आणि दुरुस्तीही सोपी झाली. दाराच्या आत पाऊल टाकताच हाताला लागेल अशा जागी दिव्याचं बटण, अंधारात चाचपडावं लागू नये म्हणून मुठीच्या वर किल्लीचं भोक, अशा बारीकसारीक गोष्टी त्यांनी ठरवून केल्या. पाहुण्याला नक्की काय लागतं हे आधी ओळखायचं, मग तेवढंच स्वस्तात आणि प्रत्येक खोलीत सारखं द्यायचं, ही सगळी विचारसरणी त्या नळाच्या पोकळीत आहे. पुढे केमन्स विल्सन यांनी १९५२ साली मेम्फिसमध्ये पहिलं ‘हॉलिडे इन’ काढलं. आदल्या वर्षी मुलाबाळांसह मोटारीनं प्रवास करताना त्यांना मोटेलवाले मुलामागे जादा पैसे लावत, खोलीही कशी निघेल त्याचा नेम नसे. त्यांनी खोलीचं माप, दर आणि सोयी ठरवून टाकल्या आणि नाव वापरायला घेणाऱ्या मालकांवर तपासनीस नेमले.

आजच्या मध्यम दराच्या हॉटेलाचा साचा मात्र १९८० च्या दशकात घडला. तोवर साखळ्यांची हॉटेलं बार, मेजवानीची दालनं, भव्य लॉबी यांनी जड झाली होती आणि तो सगळा बोजा एकट्यानं उतरणाऱ्या विक्रेत्याच्या बिलात पडत होता. मॅरियट कंपनीनं ६०१ प्रवाशांना गाठून हॉटेलातल्या ५० बाबी आणि त्यांचे मिळून १६७ पर्याय त्यांच्यापुढे ठेवले. कशासाठी किती जास्त पैसे द्याल आणि काय सोडायला तयार आहात, असा तो प्रश्न होता. नुसतं ‘काय हवं’ असं विचारलं तर माणूस सगळंच मागतो. किंमत जोडून विचारलं की त्याचा खरा क्रम कळतो. त्यातून १९८३ मध्ये अटलांटाजवळ ‘कोर्टयार्ड’ उघडलं. लॉबी लहान, मोठी मेजवानीची दालनं नाहीत, खाण्याची सोय बेताची. पण खोली ऐसपैस आणि तिच्यात काम करण्याजोगं टेबल. लगेच १९८४ मध्ये मेम्फिसमध्ये ‘हॅम्प्टन इन’ आलं. त्यानं रेस्टॉरंट काढून टाकलं आणि सकाळचा नाश्ता भाड्यातच दिला. याच ‘हॅम्प्टन’नं १९८९ मध्ये जाहीर केलं की मुक्कामानं समाधान झालं नाही तर भाडं देऊ नका. महत्त्वाची गोष्ट अशी, की हा शब्द पाळायचा अधिकार मॅनेजरपुरता न ठेवता सफाई करणाऱ्या बाईपर्यंत सगळ्यांना दिला. गिझर बिघडला तर तो आता पाहुण्याची तक्रार राहत नाही, मालकाचं त्या रात्रीचं भाडं बुडतं, आणि गिझर त्याच दिवशी दुरुस्त होतो. फ्रान्समध्ये १९७४ साली बोर्दोला सुरू झालेल्या ‘इबिस’नंही पुढे १५ मिनिटांत अडचण दूर झाली नाही तर पैसे नाहीत, असा करार पाहुण्याशी केला. जपानमध्ये १९८६ साली सुरू झालेल्या ‘तोयोको इन’नं छोट्या खोल्या आणि फुकट नाश्ता हेच सूत्र ठेवलं, आणि हॉटेलांची व्यवस्था बहुतांशी स्त्रियांच्या हाती दिली. देश वेगळे, खाणं वेगळं, पण खात्री देण्याची रीत एकच.

यामागचं अर्थकारण समजून घेतल्याशिवाय भारतात काय झालं ते कळणार नाही. खोलीच्या भाड्यातला मोठा हिस्सा खर्च वजा जाता हातात उरतो. स्वयंपाकघरात आचारी, नासाडी, भाजीपाला, गॅस यांत बहुतेक पैसा निघून जातो. म्हणून रेस्टॉरंट नसलेलं हॉटेल कमी उलाढाल करूनही चांगलं चालतं. दुसरी गोष्ट मालकीची. मॅरियटनं १९९३ मध्ये स्वतःचे दोन भाग केले, एकाकडे इमारती ठेवल्या आणि दुसऱ्याकडे नाव आणि व्यवस्थापन. तेव्हापासून मोठ्या साखळ्या विटा-सिमेंटात पैसा न घालता नाव भाड्यानं देण्याकडे वळल्या. अमेरिकेत हे नाव घेऊन हॉटेलं चालवणाऱ्यांत दक्षिण गुजरातेतून गेलेली कुटुंबं आघाडीवर आहेत. त्यांच्या पुढाकारानं १९८९ मध्ये स्थापन झालेल्या ‘आहोआ’ या संघटनेचं सांगणं आहे की त्या देशातली साधारण साठ टक्के हॉटेलं तिच्या सदस्यांच्या मालकीची आहेत. याच संघटनेनं साखळ्यांनी मालकांशी कसं वागावं याची बारा कलमं तयार केली, कारण इथे हितसंबंध फुटतात. साखळीचा टक्का एकूण विक्रीवर ठरतो, मालकाचं पोट उरलेल्या नफ्यावर चालतं. भाव चढता राहिला की साखळी खूश असते. रोज सगळ्या खोल्या भराव्यात आणि खर्च आटोक्यात राहावा ही चिंता मालकाची. कमी भावात टिकून राहायचं असेल तर सूत्रं मालकांच्या हातात असावी लागतात. हा मुद्दा शेवटी पुन्हा लागणार आहे.

भारतातली सुरुवात उमेदीची होती. व्यवस्थापनतज्ज्ञ सी. के. प्रल्हाद यांच्या विचारातून टाटा समूहाच्या इंडियन हॉटेल्स कंपनीनं २००४ मध्ये बंगळुरूच्या व्हाइटफिल्डमध्ये ‘इंडीवन’ उघडलं. पुढे त्याचंच नाव ‘जिंजर’ झालं. भाडं हजार रुपयांच्या आत. नोंदणी आपली आपण करायची, सामान आपलं आपण न्यायचं, पिण्याचं पाणी मजल्यावरच्या यंत्रातून भरून घ्यायचं. ‘ताज’ चालवणाऱ्या कंपनीनं हे करावं याचं तेव्हा मोठं कौतुक झालं, आणि ते योग्यच होतं. नवी दिल्ली स्थानकाजवळचं रेल यात्री निवासही काही काळ जिंजरकडे होतं. सार्वजनिक जमिनीवर मोक्याच्या जागी परवडणारी खोली कशी देता येते याचा तो नमुना होता. त्याच २००४ साली ‘ताज’मधून बाहेर पडलेल्या पतंजली केसवानी यांचं पहिलं ‘लेमन ट्री’ गुडगावला ४९ खोल्यांनिशी सुरू झालं. इंटरग्लोब या कंपनीबरोबर भागीदारी करून ‘इबिस’ आलं. ब्रिटनची सगळ्यांत मोठी साखळी ‘प्रीमियर इन’ही आली, मात्र तिच्या मालकांनी २०१६ मध्ये इथून बाहेर पडायचं ठरवलं. तिच्याकडे एकट्या ब्रिटनमध्ये ८० हजारांहून जास्त खोल्या आहेत, तर भारतभरच्या सगळ्या साखळ्यांच्या, पंचतारांकितांसकट, मिळून खोल्या अजून दोन लाखांच्या आसपास घोटाळताहेत. आपल्याकडे माणसं फिरत नाहीत म्हणून हा आकडा लहान आहे असं कोण म्हणेल? ती कुठेतरी उतरतातच. या साखळ्यांकडे उतरत नाहीत, एवढंच.

उतरत नाहीत, कारण भाव. २००४ चे हजार रुपये महागाई धरून आज ढोबळमानानं तीन-साडेतीन हजारांच्या घरात जातात. तेवढ्यात मोठ्या शहरात, कामाच्या वारी, साखळीची खोली मिळाली तर नशीब समजायचं. जिंजरनं मधल्या काळात रूप बदललं, स्वतःचं रेस्टॉरंट आणलं, आणि २०२३ मध्ये मुंबई विमानतळाजवळ ३७१ खोल्यांचं दिमाखदार हॉटेल उभं केलं. लेमन ट्रीनंही त्याच वर्षी त्याच परिसरात ‘ऑरिका’ या वरच्या श्रेणीच्या नावानं ६६९ खोल्या उघडल्या. कंपन्यांच्या भागधारकांच्या दृष्टीनं यात चूक काही नाही. पण दुसरीकडे केंद्र सरकारनं सातव्या वेतन आयोगानंतर २०१७ मध्ये ठरवलेले हॉटेलभाड्याचे मूळ दर पाहा: वेतनस्तर ९ ते ११ मधल्या अधिकाऱ्याला दिवसाला २,२५० रुपये, ६ ते ८ मधल्या कर्मचाऱ्याला ७५० रुपये, त्याखाली ४५० रुपये. महागाई भत्त्यासोबत ते वाढवायची तरतूद आहे, तरी वाढून वाढून किती वाढणार? खासगी कंपन्यांतल्या एमआरचा, सर्व्हिस इंजिनिअरचा किंवा ऑडिटला पाठवलेल्या आर्टिकल मुलामुलींचा भत्ताही याच पट्ट्यात घुटमळतो. म्हणजे देशातल्या बहुसंख्य फिरतीच्या माणसांचं टीए बिल आणि ‘मध्यम दर’ म्हणवणारं हॉटेल यांची गाठच पडत नाही.

भाव का चढला याचं साखळ्या देतात ते उत्तर म्हणजे जमीन, आणि ते खरं आहे. शहरात रस्त्याला लागून जागा घ्यायची तर साधं हॉटेल बांधा नाहीतर भारी, जमिनीचे पैसे तेवढेच. मग बांधणारा भारीच बांधतो. परवाने आणि कर्जाचं व्याजही हॉटेलाची श्रेणी पाहून कमी होत नाही. पण मला दुसरं कारणही तितकंच मोठं वाटतं, आणि त्याबद्दल कमी बोललं जातं. ते म्हणजे लग्न. आपल्याकडे हॉटेलमालकाला मेजवानीच्या हॉलमधून मिळणारा पैसा इतका ठळक दिसतो, की खोल्यांपुरतं हॉटेल बांधायला त्याचं मन धजत नाही. हॉल आला की मोठं स्वयंपाकघर आलं, वाहनतळ आला, नोकरवर्ग आला, आणि तिथीच्या दिवशी खोल्या वऱ्हाडाला गेल्या. मंगळवारी मुक्कामाला आलेल्या इंजिनिअरनं मग बँडच्या आवाजात दुसऱ्या दिवसाचा अहवाल लिहायचा, आणि रिकाम्या दिवशी पडून राहणाऱ्या हॉलचा भारही आपल्या भाड्यातून सोसायचा. मर्यादित सेवेतली ‘मर्यादा’ हीच तर या धंद्याची ताकद होती. ती आपण पहिल्याच फटक्यात सोडली.

आता एसटी स्टँडसमोरच्या लॉजकडे वळू, कारण खरी मर्यादित सेवा तिथे पन्नास-साठ वर्षं चालू आहे. काउंटरमागे बहुतेक लॉजमध्ये एक पाटी असते: ‘चेक-आउट २४ तास’. या चार शब्दांत आपल्या प्रवासाची जी समज आहे ती साखळ्यांना अजून आलेली नाही. महालक्ष्मी एक्सप्रेस रात्री मुंबईहून निघून सकाळी कोल्हापूरला पोचते. रातराणी गाड्या पहाटे स्टँडवर लागतात. त्या वेळी उतरणाऱ्याला खोली सकाळी हवी असते, अंघोळ करून दहाला गोकुळ शिरगावच्या कारखान्यात पोचायचं असतं. साखळी त्याला दुपारी दोनला खोली देते, किंवा आदल्या रात्रीचेही पैसे लावते. लॉजवाला ज्या मिनिटाला किल्ली देतो तिथून चोवीस तास मोजतो. शिवाय लॉज बाजारपेठेत असतो, जेवायला समोर खाणावळ असते, मालकाला गावातला प्रत्येक रिक्षावाला ओळखत असतो. एवढं सगळं जुळून आलेलं असताना लॉज कमी पडतो तो नेमका त्या छोट्या यादीत. चादर धुतलेली आहे की झटकून घातलेली, हे दिव्याखाली धरून पाहावं लागतं. गरम पाणी ‘सकाळी ६ ते ९’ असं लिहिलेलं असतं, पण तिसऱ्या मजल्यावर ते पोचेल का, हे वर गेल्यावर कळतं. खाली परमिट रूम असेल तर रात्री अकराला जिन्यात कोण भेटेल याचा नेम नाही, आणि दाराची कडी नुसती लोंबत असते. पुरुष हे सगळं निभावून नेतो. एकट्यानं फिरतीवर आलेल्या स्त्रीला हा पर्यायच उरत नाही. तिला कंपनीनं जादा पैसे मंजूर करावे लागतात किंवा तिला फिरतीवर पाठवणंच हळूच बंद होतं. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा नोकरीच्या निमित्तानं जिथे जावं लागतं ती जागाही कामाची जागा धरतो. त्याचा रोख गांभीर्यानं घेतला, तर दोन-अडीच हजारांत सुरक्षित खोली मिळणं हा बायकांच्या नोकरीचा प्रश्न ठरतो, आणि मला या सगळ्या विषयात तोच सगळ्यांत निकडीचा वाटतो.

यावर काही आक्षेप येतील. पहिला असा, की आता बैठका पडद्यावर होतात, फिरतीच संपत आली. बैठकांपुरतं ते काही अंशी खरं; पण चाकणला मशीन बसवणं, वाळूजला बिघडलेला रोबो दुरुस्त करणं, गोदामातला साठा मोजणं, डॉक्टरांना भेटणं, शेतकऱ्याच्या बांधावर जाऊन बियाण्याचा प्लॉट पाहणं पडद्यावर होत नाही. पडद्यामुळे वाचला तो वरच्या अधिकाऱ्यांचा प्रवास. खालच्यांची फिरती तशीच आहे. दुसरा आक्षेप चवीचा आहे: सगळीकडे एकसारख्या खोल्या झाल्या तर गावाचा गंध काय उरला? सहलीला आलेल्याच्या तोंडी हा प्रश्न शोभतो. महिन्यातल्या पंधरा रात्री बाहेर काढणाऱ्याला दिव्याचं बटण रोज नव्यानं शोधायचं नसतं; एकसारखेपणा हाच त्याचा विसावा असतो. आणि गावाचा गंध घ्यायला तो खाली उतरून तांबडा-पांढरा रस्सा ओरपतोच, कारण मर्यादित सेवेच्या हॉटेलात जेवण नसतं. तिसरा आक्षेप सगळ्यांत वजनदार आहे. जुन्या छोट्या हॉटेलांना एका नावाखाली आणायचा प्रयोग ‘ओयो’नं २०१३ पासून फार मोठ्या प्रमाणावर केलाच की, मग नवं काय? फरक हा, की तिथे वाढीचा वेग तपासणीपेक्षा कितीतरी जास्त होता, आणि भाव ठरवण्यावरून, वळत्या होणाऱ्या रकमांवरून गावोगावच्या मालकांशी वाद झाले. फलक आणि उशीचे अभ्रे आठवड्यात बदलतात. लॉजच्या रोजच्या सवयी बदलायला कुणीतरी वर्षभर पाठीशी राहावं लागतं.

म्हणून मला ‘बेस्ट वेस्टर्न’चा दाखला मोलाचा वाटतो. एम. के. गर्टिन या मोटेलमालकानं १९४६ मध्ये कॅलिफोर्नियात ती सुरू केली ती स्वतंत्र मोटेलमालकांची एकमेकांकडे पाहुणे पाठवण्याची व्यवस्था म्हणून, आणि पुढे कित्येक दशकं ती सदस्य-मालकांचीच संस्था राहिली. फ्रान्समध्ये १९४९ पासून ‘लोजी द फ्रान्स’ या संघानं खेड्यापाड्यांतली कौटुंबिक हॉटेलं धुराड्याच्या एका चिन्हाखाली आणली. हे सांगायला महाराष्ट्राइतकी योग्य जागा नाही. प्रवरानगरला १९५० मध्ये शेतकऱ्यांनी सहकारी साखर कारखाना उभा केला, त्याच प्रांतात लॉजमालकांचा जिल्हावार सहकारी संघ अशक्य का वाटावा? जमीन आणि इमारत त्यांच्याकडे आहेच, म्हणजे साखळ्यांची सगळ्यांत मोठी अडचण इथे सुटलेली आहे. एकत्र बुकिंग, एकत्र धुलाई, एकत्र खरेदी आणि एक चिन्ह एवढंच नव्यानं लागतं. राज्य सरकारनं नोंदणीकृत हॉटेलांना १ एप्रिल २०२१ पासून उद्योगाचा दर्जा देऊन वीज, पाणी आणि मालमत्ता कर औद्योगिक दरानं आकारायचं ठरवलं. त्याचा फायदा घ्यायचा तर किमान निकष पाळावेच लागतात, आणि संघाला तिथूनच सुरुवात करता येईल. सप्टेंबर २०२५ पासून ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर जीएसटी पाच टक्के झाला आहे. त्यात हॉटेलला खरेदीवरच्या कराची वजावट मिळत नाही. ज्याला मोठी खरेदी नव्यानं करायची आहे त्याला हे बोचेल, जुन्या लॉजमालकाला फारसं नाही.

अवघड भाग आहे तो आपल्याच सदस्याला नापास करण्याचा. सहकारात शेजारी शेजाऱ्याला दुखवत नाही, हा आपला अनुभव आहे, आणि संघ बुडाला तर इथेच बुडेल. त्यासाठी तपासनीस जिल्ह्याबाहेरचा असावा आणि त्याचा पगार संघाच्या निवडून आलेल्या मंडळाच्या मर्जीवर नसावा. तपासणाऱ्यांत निम्म्या बायका असाव्यात. त्यांनी न कळवता, पहाटेच्या गाडीनं, पैसे भरून उतरावं. कडी आतून लावून दार बाहेरून ढकलून बघावं, चादर दिव्याखाली धरावी, आणि सगळ्यांत वरच्या मजल्यावरच्या खोलीत नळ सोडून गरम पाणी किती मिनिटांत येतं ते घड्याळ लावून टिपून ठेवावं.